मागं माणूस हाय

बावीस वर्षं थोरले भावजी माझ्याशी एक शब्द बोलले नव्हते. भांडण नव्हतं, रीतच तशी. धाकट्या भावाच्या बायकोशी थोरल्या दिराने थेट बोलायचं नाही आणि तिने त्यांच्यासमोर डोक्यावरचा पदर ढळू द्यायचा नाही. मी चार हातांवर उभी असले तरी ते जाऊबाईंकडे बघून म्हणायचे, "तिला सांग, गूळ दे म्हणून." जाऊबाई माझ्याकडे वळायच्या, "गूळ दे म्हनत्येत." मी जाऊबाईंना सांगायचं की गूळ संपलाय, मग जाऊबाईंनी ते त्यांना सांगायचं. एका गुळाच्या खड्यापायी तीन माणसं कामाला लागायची आणि खडा काही निघायचा नाही.

माझ्या पळण्याचा निकालसुद्धा असाच लागला. म्हणजे ते बोलले, मी बोलले आणि मध्ये जाऊबाई उभ्या.

आधी पळण्याचं सांगते. आमचं घर झरीला. शेती आहे, सासरे गेल्यापासून घर थोरले भावजीच चालवतात. मी अंगणवाडीत ताई आहे. चाळिशी ओलांडली आणि परभणीच्या डॉक्टरांनी रक्ताचा कागद बघून सांगितलं की साखर काठावर आलीय, रोज तासभर चाला. डॉक्टरने सांगितलेलं चालणं घरात चालतं. त्याला कुणी नाही म्हणत नाही. आम्ही चार बायका पहाटे निघायचो. पोळ्याला चारजणी होतो, दसऱ्याला दोघी राहिलो आणि दिवाळीनंतर मी एकटी.

पळायला लागले ती उशीर झाला म्हणून. एका सकाळी बरीच लांब गेले होते आणि नळाला पाणी यायची वेळ झाली. आमच्याकडे नळ चुकला म्हणजे दिवस चुकला. मी चपला हातात घेतल्या, पदर खोचला आणि सुटले. घरी येऊन हंडा नळाखाली लावला तेव्हा छाती धडधडत होती आणि मला हसू येत होतं. कशाचं ते कळेना. दुसऱ्या दिवशी उशीर झाला नव्हता तरी पळाले.

आमच्या ह्यांनी परभणीच्या बाजारातून बूट आणून दिले. बायकांच्या बुटांत धड काही दिसलं नाही म्हणून पुरुषांचे आणले, काळे, वर पिवळा पट्टा. मी सलवार-कमीज घालून, ओढणी छातीवरून घेऊन कमरेला गाठ मारून पळू लागले. रविवारी परभणीच्या रस्त्याला लागायचं, पाय म्हणतील तिथपर्यंत जायचं आणि वळायचं. दोन वर्षं असं चाललं. साखर काठावरून मागे सरली. पण खरं सांगायचं तर मी साखरेसाठी पळत नव्हते. उठल्यापासून निजेपर्यंत मला कुणी ना कुणी हाक मारतं. अंगणवाडीत चाळीस लेकरं मारतात, घरी मोठी माणसं मारतात. पाच ते सहा या तासात मला कुणी हाक मारू शकत नव्हतं, कारण मी हाकेच्या पलीकडे गेलेली असायची. तेवढा एक तास माझ्या नावावर होता आणि तो मला कुणाला द्यायचा नव्हता.

गावाला विषय मिळाला. फाट्यावर चहाचं हॉटेल आहे, तिथे पहाटेपासून माणसं बसलेली असतात. त्यांनी म्हण तयार केली, "ह्यांची सून रोज पळून जाती अन रोज वापस येती." मला ती आवडली होती, खोटं कशाला सांगू. पण थोरले भावजी त्याच हॉटेलात चहा घेतात. एका सकाळी त्यांच्या कानावर ती गेली. ते चहा तसाच टाकून घरी आले.

ओसरीवर माझ्याकडे पाठ करून उभे राहिले. "तिला सांग, उद्यापासून हे बंद. लय झाला तमाशा."

जाऊबाईंनी माझ्याकडे बघितलं. मी म्हणाले, "त्यांना सांगा, माझं नाव घातलंय मॅरेथॉनला. बेचाळीस किलोमीटर. बहिणीनं घातलंय."

ते खरं होतं. माझी धाकटी बहीण एका मोठ्या शहरात राहते. शहराचं नाव मुद्दाम लिहीत नाही. तिथे मी कटकट केली तरी तिथल्या लोकांनी मला पाणी पाजलंय, त्यांचं नाव कशाला निघावं? तिने फोनवरून माझं नाव भरून टाकलं होतं आणि मी ते घरात कसं सांगायचं या विचारात पंधरा दिवस काढले होते. राग आला म्हणून एका दमात सांगून झालं.

भावजींनी टोपी काढून झटकली. मग म्हणाले, "तिला सांग, एवढी जिद असंल तर जाऊन ये म्हणावं एकडाव. पुरं करून आली तर मी जिंदगीत चकार शब्द काढणार न्हाई. अन न्हाई झालं तर बूट चुलीत."

"त्यांना सांगा, कबूल."

त्यांनी ऐकलं होतं. तीन हातांवर होते, ऐकू न यायला काय झालं? तरी ते हलेनात. जाऊबाईंनी सुस्कारा टाकला आणि म्हणाल्या, "कबूल म्हनती." मगच ते गोठ्याकडे गेले.

रात्री हे म्हणाले, "मी काय बोलू, थोरला बोललाय." मी म्हणाले, तुम्ही काही बोलूच नका, फक्त स्टेशनवर सोडा. तेवढं त्यांनी केलं. परभणीच्या फलाटावर गाडी हलली तेव्हा खिडकीपाशी येऊन म्हणाले, "पुरं कर पण." त्यांनाही ते बूट चुलीत गेलेले बघायचे नव्हते.

शर्यतीच्या दिवशी पहाटे बहिणीने मला मैदानाच्या तोंडाशी सोडलं. एवढी माणसं मी फक्त जत्रेत बघितली होती, पण जत्रेत माणसं एकमेकांकडे बघतात. इथे प्रत्येकजण स्वतःच्या मनगटाकडे बघत होता. छातीवर नंबराचा कागद लावायचा असतो. मी लावला आणि सवयीने त्यावर ओढणी घेतली. एका मुलीने येऊन सांगितलं, "ताई, नंबर दिसला पाहिजे." मग ओढणी काढून कमरेला बांधली. बिनओढणीची मी मोठी झाल्यावर कधी चारचौघांत उभी राहिले नव्हते. दोन मिनिटं अंग चोरलं, मग लक्षात आलं की बघायला कुणाला सवड नाही.

सगळे पुढे सरकत होते. कोपराने वाट काढत होते. मी मागे मागे जात अगदी शेवटी जाऊन उभी राहिले. आता यातली चूक मला कळते. तेव्हा कळली नाही, कारण माझ्या मते मी योग्य जागीच उभी होते.

माझं माहेर येलदरीकडचं. वडिलांची मेंढरं होती. धरणाच्या वरच्या माळावर चारायची आणि दिवस बुडायला कुणाच्या तरी वावरात बसवायची, शेताला खत होतं म्हणून. कळप चालतो तेव्हा पुढे कुणीही चालू शकतं. पुढे माझा धाकटा भाऊ चालायचा, तो सहा वर्षांचा होता. वाट ठाऊक असली की झालं. पण मागे राहतात ती लंगडी, गाभण, म्हातारी आणि नुकती व्यालेली. त्यांच्या मागे घरातलं सगळ्यात भरवशाचं माणूस लागतं. वडील म्हणायचे, "पुढं कुणीबी चालतं, मागं जाणता लागतो." दहाव्या वर्षी त्यांनी माझ्या हातात काठी दिली आणि म्हणाले, आजपासून तू मागं. माझ्या बारावीच्या निकालाचाही मला तेवढा आनंद झाला नाही.

तेव्हा मी मागे उभी राहिले. गर्दीत मागे उभं राहण्यात काही कमीपणा असतो हे मला कुणी शिकवलंच नव्हतं.

साडेपाचला बार उडाला. पुढचे पळाले. आम्ही मागचे जागच्या जागी उभे. मग हळूहळू चालू लागलो, मग थांबलो, मग पुन्हा चाललो. मी सुरुवातीच्या रेषेवर पाय ठेवला तेव्हा घड्याळात अकरा मिनिटं झाली होती. शेजारच्या माणसाने सांगितलं की शर्यत सात तासांची, आणि ते सात तास बार उडाल्यापासून धरतात. म्हणजे साडेबाराला दार बंद. माझी अकरा मिनिटं पळण्याआधीच खर्ची पडली होती. म्हटलं असू दे. अकरा मिनिटांनी काय होतंय?

पहिले वीस किलोमीटर मजेत गेले. रस्ता असा की एक खड्डा नाही. दोन्ही बाजूंना माणसं उभी, टाळ्या वाजवतायत, ओळख ना पाळख. एक आजोबा ताटात खडीसाखर घेऊन उभे होते. पाण्याच्या टेबलावर मात्र माझी पंचाईत झाली. छोट्या बाटल्या देतात. लोक दोन घोट पितात आणि बाटली रस्त्याच्या कडेला भिरकावतात, पाण्यासकट. आमच्याकडे उन्हाळ्यात पाहुण्याला तांब्याभर पाणी दिलं आणि त्याने अर्धं टाकलं तर त्या पाहुण्याची सोयरीक मोडू शकते. माझ्याने बाटली टाकवेना. पहिल्या तीन टेबलांवर मी आख्खी बाटली प्यायले आणि पोटात पाणी डुचमळायला लागलं. मग अर्ध्या बाटल्या ओढणीत बांधायला लागले. कमरेला दोन बाटल्या, हातात एक, अशी मी पळत होते. एकजण पुढे जाताना म्हणाला, "आंटी, दुकान लगाया क्या?" मी म्हणाले, "हां, लगाया. तू आगे जा."

उन्हं वर आली. तिसाव्या किलोमीटरला पायांचे लाकूड झाले. तरी मी मनात हिशोब करत होते आणि हिशोब बसत होता. असंच रखडत गेले तरी साडेबाराच्या आत वीस मिनिटं राखून पोहोचणार होते. बूट वाचत होते.

चौतिसाव्याच्या आसपास मागून बस आली. पांढरी, हळूहळू चालणारी. मागे पडलेल्यांना गोळा करून नेते. दारात एक पोरगी उभी राहून फार गोड आवाजात म्हणत होती, "या ना, बसा ना, आत एसी आहे." आणि माणसं बसत होती. माझ्या डोळ्यांदेखत चार माणसं चढली. त्यांना मी नावं ठेवत नाही. पण मला ती बस बघून संताप आला. एवढ्या मायेने कुणी कुणाला हरायला लावू नये.

तिथेच दुभाजकावर एक बाई बसल्या होत्या. साठीच्या. पांढरी टोपी, गुडघ्याला पट्टा. बस त्यांच्याजवळ थांबत होती. त्या उठायच्या बेतात होत्या आणि रडत होत्या. आवाज न करता, नाक पुसत.

मी त्यांच्या पुढे निघून गेले.

हे लिहायला जड जातंय, पण गेले. शंभर पावलं तरी गेले असेन. मनात म्हटलं, माझे बूट चुलीत जायचेत, हिचं काय जायचंय? शहरातली बाई, घरी जाऊन पायाला गरम पाण्याने शेकेल.

आणि मला ती सांज आठवली. काठी हातात मिळून महिना झाला नसेल. मी कळप घेऊन मुक्कामावर आले. रात्री मेंढरांभोवती जाळी लावतात, तिला आम्ही वाघर म्हणतो. वडील वाघरीच्या तोंडाशी उभे होते. मेंढरं आत गेली, माझा भाऊ आत गेला, मीही आत जायला निघाले. वडील वाघर लावेनात. मी म्हणाले, "लावा की." ते म्हणाले, "मागं माणूस हाय का?" आमच्यात तसंच विचारायची पद्धत, मेंढरू मागे असलं तरी माणूसच म्हणतात. मी म्हणाले न्हाई. ते माझ्याकडे बघत राहिले. मग मला आठवलं, एक लंगडी मेंढी होती, ओढ्याशी दिसली होती, नंतर दिसली नव्हती. मी दमले होते, मागे वळून बघायचं राहून गेलं होतं. वडील रागावले नाहीत. फक्त म्हणाले, "जा. तू येईस्तोर मी हितंच हाय." मी जाऊन मेंढी घेऊन आले तोवर अंधार पडत आला होता आणि ते खरंच तिथेच उभे होते, वाघरीचं टोक हातात धरून.

मी वळले. शंभर पावलं उलटी आले. मॅरेथॉनमध्ये उलटी पळणारी बाई बघून बसच्या दारातली पोरगी म्हणाली, "ताई, रस्ता तिकडे आहे." मी म्हणाले, "मला ठाव हाय रस्ता कुठं हाय ते."

बाईंना बाटली दिली. ओढणीतलं पाणी तेव्हा कामाला आलं, कारण तिथल्या टेबलावरचं केव्हाच संपलं होतं. म्हणाले, "उठा. चालत जाऊ."

"अगं, माझा गुडघा गेलाय. तू कशाला थांबलीस? तुझी वेळ जाईल."

"जाऊ द्या. बसमधी न्हाई बसायचं."

त्यांनी उरलेलं पाणी पिऊन टाकलं. मग म्हणाल्या, "दोन वर्षं बसलेय मी या बसमध्ये. आत बसलं ना, की कुणी कुणाच्या तोंडाकडे बघत नाही."

"मग यंदा तर बिलकुल बसायचं न्हाई."

त्या उठल्या. माझ्या खांद्यावर हात ठेवला. बस आमच्या मागे चालू लागली, गाय मागे लागावी तशी. थोड्या थोड्या वेळाने पोरगी विचारायची, "नक्की ना?" तिसऱ्यांदा विचारल्यावर मी सांगितलं, "बाळा, तू पुढं जा. आमी काय हरवलेलो न्हाई." शेवटी बस पुढे गेली. रस्त्यावर गाड्या सोडल्या होत्या, आम्ही फुटपाथवर आलो. टाळ्या वाजवणारे घरी गेले होते. आता आम्ही दोन बायका भर दुपारी कुठे निघाल्यात, एवढंच लोकांना दिसत होतं.

मी त्यांना भावजींची आणि बुटांची गोष्ट सांगितली. त्या एवढ्या हसल्या की गुडघा विसरून चार पावलं सरळ टाकली. मग सारखं मनगटावरचं घड्याळ बघू लागल्या. चाळिसावा किलोमीटर आला तेव्हा घड्याळात बारा वीस झाले होते. त्यांनी माझ्या खांद्यावरचा हात काढला.

"आता तू पळ. अजून दहा मिनिटं आहेत. मी येते मागून."

"येताल?"

"येते. तू सांगितलंस ना, नाही बसायचं. नाही बसत."

"मंग मी पुढं जाऊन दार धरून ठेवते," मी म्हणाले आणि पळाले.

शेवटचे दोन किलोमीटर मी जशी पळाले तशी कधी पळाले नाही. त्या नळाच्या सकाळीसुद्धा नाही. तरी दहा मिनिटांत दोन किलोमीटर हे माझ्या पायांचं काम नव्हतं. मैदानात शिरले तेव्हा हवा भरलेली ती मोठी कमान दिसली आणि तिच्यावरचं घड्याळ. सात तास सहा मिनिटं. मी खालून गेले. कुणी टाळी वाजवली नाही.

टेबलापाशी गेले. छातीला कार्ड लावलेला एक माणूस खोकी बांधत होता. "मॅडम, टाइम संपला. मेडल टाइममध्ये आलेल्यांनाच."

"सहाच मिनिटं झाल्यात."

"सॉरी, मॅडम."

त्याचं चुकलं नव्हतं. नियम तो नियम. पण मला रडू आलं, आणि ते दुःखाचं नव्हतं, रागाचं होतं. राग कुणावर ते सांगता येत नव्हतं. सुरुवातीची अकरा मिनिटं मीच दिली होती, बाईंसाठी मीच थांबले होते. सगळं माझ्याच हाताने झालेलं, त्यामुळे भांडायला कुणी सापडेना.

मग सापडलं. दोन कामगार कमानीकडे गेले. तिच्या पायाशी हवा भरणारं यंत्र घरघरत होतं. एकाने बटणाकडे हात नेला.

"थांबा!" मी ओरडले. अंगणवाडीतल्या आवाजात ओरडले, त्यामुळे दोघेही थांबले. मी जाऊन बटणासमोर उभी राहिले. "हवा सोडू नका. मागं माणूस हाय."

कार्डवाला धावत आला. "मॅडम, शर्यत संपली."

"तुमची संपली असंल. ती बाई अजून पळायलीय."

"आम्हाला हे सगळं काढायचंय. टेम्पो उभा आहे."

"उभा हाय तर ऱ्हाऊ द्या उभा. मी सकाळपासून उभी हाय, मी काय म्हनले का?"

"मॅडम, कमान असली काय, नसली काय. त्यांना मेडल मिळणार नाही."

"मेडल कोण मागायलंय? ती दोन साल बसमधी बसून आलीय. यंदा पायानं यायलीय. तिला यायला दार पायजेल. दार पाडून ठेवलं तर ती कशातून येईल?"

तो माझ्याकडे बघत राहिला. मी त्याच्यापेक्षा हातभर बुटकी, तोंडावर मीठ वाळलेलं, कमरेला बाटल्या. त्याने कामगारांकडे बघितलं. त्यातला एक खाली बसला आणि त्याने तंबाखूची पुडी काढली. "थांबू की साहेब," तो म्हणाला. "हवाच तर हाय." बोलण्यावरून आमच्याच बाजूचा वाटला, पण विचारलं नाही. तिथून हलायची माझी तयारी नव्हती.

बसता येत नव्हतं. बसले असते तर उठता आलं नसतं. पंधरा-वीस मिनिटं गेली असतील. मैदान मोकळं झालं. मग फाटकातून पांढरी टोपी दिसली. एक पाय ओढत, सरळ कमानीकडे. आजूबाजूला बघितलं नाही, घड्याळाकडे बघितलं नाही. कमानीखालून गेल्या आणि तिथेच उभ्या राहिल्या. कामगार उठले आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या. कार्डवाल्यानेही वाजवल्या, त्याला श्रेय द्यायला हवं. मग मी बटणासमोरून बाजूला झाले. कमान हळूहळू वाकली आणि जमिनीवर पसरली.

बाई माझ्या गळ्यात पडल्या. "माझ्यामुळे तुझं मेडल गेलं गं."

"मेडल गेलं," मी म्हणाले. "आपन तर आलो."

बहिणीच्या घरी तिच्या नवऱ्याचं जुनं मेडल खुंटीला होतं, कुठल्याशा छोट्या शर्यतीचं. बहीण म्हणाली, "हे घेऊन जा की. झरीत कुणाला कळतंय?" तिने भल्यासाठीच म्हटलं. मी ते परत खुंटीला लावलं. माझ्या पायांनी केलेलं दुसऱ्याच्या मेडलने कशाला सांगू?

परभणीहून झरीला आले तेव्हा फाट्यावर उतरताना बसची पायरीसुद्धा उतरवेना. हॉटेलातून आवाज आला, "काय वयनी, मेडल कुठाय?" मी म्हणाले, "न्हाई." आत कुणीतरी फिसकन हसलं. मी बॅग उचलली आणि चालत घरी आले.

बातमी माझ्या आधी पोहोचली होती. भावजी ओसरीवर बसले होते, तोंड भिंतीकडे. जाऊबाई दारात. "तिला इचार, पुरं झालं का?"

जाऊबाईंनी माझ्याकडे तोंड केलं. मी बॅग खाली ठेवली. डोक्यावर पदर नव्हता, खांद्यावर ओढणी होती, ती डोक्यावर घेतली नाही. जाऊबाईंच्या बाजूने पुढे गेले आणि भावजींच्या समोर, भिंतीच्या अंगाला उभी राहिले. बावीस वर्षांत पहिल्यांदा त्यांचे डोळे सरळ बघितले. बारीक आहेत आणि एकात पांढरं फूल पडलंय, हेही मला तेव्हाच कळलं.

"भावजी, तुमालाच सांगते. पुरं झालं. बेचाळीस किलोमीटर, एक पाऊल कमी न्हाई. मेडल न्हाई मिळालं, सहा मिनिटं उशीर झाला. तुमी पुरं करून ये म्हनले होते, मेडल आन म्हनले न्हवते. मी पुरं करून आलेय. बूट मी देनार न्हाई. अन उद्या पाचला मी जानार हाय."

जाऊबाईंनी तोंडावर हात ठेवला. भावजींनी नजर खाली वळवली. मग जाऊबाईंकडे मान करूनच म्हणाले, "तिला इचार, सहा मिनिटं कुठं गेली?"

मी सांगितलं. मागे उभी राहिले ते, बाई, बस आणि कमान. सगळं उभ्या उभ्या सांगितलं. इथल्या घरची मेंढरं मी लग्न होऊन येण्याआधीच विकली गेली होती. पण भावजींचं लहानपण त्यांच्या आजोबांबरोबर कळपामागे गेलं होतं, हे मला ऐकून माहीत होतं. त्यांनी कधी सांगितलं नव्हतं. मला कसं सांगणार?

"आली का ती?" त्यांनी विचारलं. कुणाकडे बघून विचारलं ते सांगता येणार नाही. जाऊबाई मात्र मध्ये बोलल्या नाहीत.

"आली."

ते उठले आणि गोठ्याकडे गेले. हो नाही, ना नाही. बूट दाराशी पडले होते, त्यांना ओलांडून गेले.

सकाळी पाचला उठले तेव्हा मांड्या लाकडाच्या झाल्या होत्या. खाटेवरून उतरायलाच वेळ लागला. हे जागे होते, म्हणाले, "आज ऱ्हाऊ दे की." मी म्हणाले, आज राहिलं तर कायमचं राहील. बूट घातले. अंगणात तूर वाळत टाकली होती. शेजारच्या शेळ्या पहाटे मोकाट सुटतात आणि तुरीत तोंड घालतात, म्हणून फाटक बंद ठेवायचं असा थोरल्या भावजींचाच दंडक. मी फाटकाबाहेर जाऊन लेस बांधायला वाकले. मागून जाऊबाई आल्या आणि फाटक ओढून घेऊ लागल्या.

आतून, ओसरीवरून भावजींचा आवाज आला.

"लावू नको ते. मागं माणूस हाय."

जाऊबाई म्हणाल्या, "अवो, शेळ्या येतील की."

"येऊ दे. मी बसलोय हितं."

मी मागे वळून बघितलं नाही. लेसची गाठ दोनदा बांधली. त्या दिवशी पळवत नव्हतं. फाटकापुढचा उतार मी पाठमोरी उतरले, मांड्या सरळ उतरू देईनात म्हणून. मग चालत गेले, फाट्यावरच्या हॉटेलावरून, सगळ्यांच्या समोरून, आणि तिथून पुढेही. बूट घालूनच.